सोन्याच्या पडद्याचा माईक

माझ्या मामेसासऱ्यांचा आवाज मराठवाड्यातल्या जितक्या माणसांनी ऐकला असेल तितका कुठल्या आमदाराचाही ऐकला नसेल, आणि त्यांतल्या एकालाही ते काय बोलले हे कळलं नसेल. मामा बसस्टँडवर अनाउन्सर होते. कोणत्या स्टँडवर ते सांगत नाही, उगाच तिथल्या भोंग्याला वाईट वाटायचं. नोकरीची सगळी वर्षं त्यांनी जाळीच्या खिडकीआड बसून एका माईकमध्ये गाड्यांची नावं सांगितली, आणि फलाटावर त्यांचं पार पीठ होऊन बाहेर पडलं. "खर्रर्र... घर्रर्र... लागलेली आहे," एवढं कळायचं. काय लागलंय आणि कुठं, हे ज्याचं त्याने पळून बघायचं. एकदा भोकरला निघालेलं एक जोडपं मामांच्या सूचनेवर विसंबून माहूरच्या गाडीत बसलं. उतरल्यावर चूक कळली, पण आलोच आहोत तर म्हणून गड चढले, रेणुकेचं दर्शन घेतलं, आणि वर्षभराने बाळाला कडेवर घेऊन पेढ्यांसकट मामांच्या खिडकीसमोर हजर झाले. दुसरा कुणी खजील झाला असता. मामांनी पेढा तोंडात टाकला आणि म्हणाले, "मी भोकरच म्हणलो व्हतो. माईक माहूर म्हणला."

"माईक म्हणला" हे मामांचं एकमेव तत्त्वज्ञान. आपला आवाज देवाने दिलेला, गोड, स्वच्छ आणि भरदार आहे, आणि जन्मभर वाईट माईकांनी त्याचा गळा घोटला, अशी त्यांची पक्की खात्री होती. नात्यागोत्यात कुठेही लग्न असलं की मामा मंगलाष्टकं म्हणायला उभे. पत्रिकेत नाव असो नसो, बोलावणं असो नसो, पिवळसर सिल्कचा झब्बा घालून स्टेजच्या पायरीपाशी ते तासभर आधीच येऊन थांबायचे. माईक हातात आला की आधी त्याचा वास घ्यायचे. आधीच्या वक्त्याने गुटखा खाल्ला होता की नुसती सुपारी, हे ते बरोब्बर सांगत. मग खिशातून धुतलेला रुमाल काढून माईकचं तोंड पुसायचं, कलिंगड घेताना वाजवून बघतात तसं बोटाच्या पेराने दोनदा वाजवायचं, आणि सगळी दुनिया "हॅलो, वन टू थ्री" म्हणते तिथे मामा म्हणायचे, "नांदेड, लोहा, कंधार." वऱ्हाडातले दोन-चार म्हातारे सवयीने पिशव्या उचलायचे. त्यानंतर मामा गायचे. कसे गायचे ते विचारू नका. मी जावई आहे, मला त्या घरी अजून जेवायला जायचंय. लग्न उरकल्यावर कुणीतरी काळजीने विचारायचं, "काका, घसा बसला वाटतं?" मामा शांतपणे उत्तर द्यायचे, "घसा ठीक हाय. माईक बसलाय."

निवृत्त झाल्यावर मामा कंधारला राहायला गेले आणि रियाज सुरू झाला. रोज सकाळी अंघोळ झाली की पुढच्या खोलीत खुर्ची टाकायची, डोळे मिटायचे, आणि शेजारीपाजारी कुणाचं लग्न असो वा बारावा, मंगलाष्टकं लावायची. स्मरणशक्ती म्हणाल तर साऱ्या जिल्ह्याचं टाइमटेबल पाठ, कोणत्या थांब्याला किती मिनिटं थांबते तेही पाठ, पण श्लोकाची दुसरी ओळ हमखास विसरायचे. तिथं आले की अडायचे, खाकरायचे, हात हवेत फिरवायचे. तेवढ्यात स्वयंपाकघरातून मामींचा आवाज यायचा. भाकरी थापता थापता, मान वर न करता, मामी ती ओळ चालीत पुढे सरकवायच्या आणि मामा तिथून पुढची गाडी पकडायचे. "मामी, सगळं तुम्हीच म्हणत जा ना," असं मी एकदा म्हणालो, तर त्या म्हणाल्या, "आमचं काय, जावई. सांडलेलं उचलायचं." कुकरच्या शिट्टीकडे जेवढं लक्ष द्यावं तेवढंच आम्ही त्या ओळीकडे द्यायचो. मीही त्यातलाच, हे आधीच कबूल करून टाकतो.

मामांना एकच मुलगी. तिचं लग्न उदगीरच्या एका शिक्षकाशी ठरलं आणि दुसऱ्याच दिवशी मामांचा मला लातूरला फोन आला. मी लातूरला एका कोचिंग क्लासमध्ये फिजिक्स शिकवतो. त्यामुळे सासुरवाडीतला पंखा, मिक्सर, टीव्ही, मोटार आणि भूकंप या सगळ्यांची जबाबदारी माझ्यावर असते. "जावईबापू," मामा म्हणाले, "तुमी ध्वनी शिकवता ना? मंग आता त्याचा काई उपयोग करून दावा. मला माईक घ्यायचाय." मी म्हणालो, "मामा, कार्यालयात असतोच की माईक." मग ते हळू आवाजात बोलले, आणि आमच्या मामांना हळू बोलता येतं हे मला लग्नानंतर पंधरा वर्षांनी कळलं. "लोकांच्या लेकी सासरला गेल्या, त्या समद्या गाड्या मी सोडल्या. एकीला बी काय बोललो ते समजलं नसंल. आता माझी लेक जाऊन राहिली. तिच्यासाठी म्या सोता चार ओळी लिवल्यात. एवढ्या चार तरी तिला साफ ऐकू जाऊ द्या." रविवारी लातूरला या म्हणालो.

रविवारी मामा पहिल्या गाडीने आले. आल्या आल्या मी त्यांना चहा दिला आणि माझ्या क्लासची सवय म्हणून एक लेक्चरही दिलं. म्हणालो, मामा, माईक मुख्यतः दोन जातीचे. साधा डायनॅमिक असतो, तो म्हणजे कडक सासू. अगदी तोंडाशी जाऊन ओरडल्याशिवाय ऐकून घेत नाही. आणि कंडेन्सर म्हणजे शेजारीण. पलीकडच्या खोलीत कुजबुजलात तरी तिला कळतं, श्वास घेतलात तरी कळतं. आवाजाचे बारकावे तोच पकडतो, म्हणून गाणाऱ्याला कंडेन्सर चांगला. पण मंडपात चौफेर बॉक्स असतात, गर्दी असते. तिथे घ्यायचाच असेल तर हातात धरायचा, फक्त समोरच्याचंच ऐकणारा कंडेन्सर घ्यावा, नाहीतर स्पीकरचा आवाज परत माईकमध्ये शिरतो आणि कानाचे पडदे फाटतील अशी शिट्टी वाजते. मामांनी सगळं लक्ष देऊन ऐकलं, बशी खाली ठेवली, आणि विचारलं, "म्हंजे आमच्या हिच्या कानासारका म्हणा की." मी म्हणालो, तसंच समजा.

लातूरच्या दुकानात मामांनी एका दमात नऊ माईक तपासले. नऊंचा वास घेतला, नऊ वाजवले आणि नऊंमधून तीच सूचना दिली: "प्रवाशांनी लक्ष द्यावे. नांदेडहून लोहामार्गे कंधारला जाणारी गाडी फलाट क्रमांक चारवर लागलेली आहे." दुकानदार बिचारा भला माणूस. त्याने आवाज रस्त्यावरच्या बॉक्सला जोडला होता. पाचव्या माईकला एक आजीबाई बोचकं घेऊन दुकानात शिरल्या आणि "लेकरा, जागा हाय का बसायला?" म्हणत माझ्याच स्टुलावर बसल्या. त्यांना वाटेला लावेपर्यंत माझी अर्धी दुपार गेली. दुकानदाराने शेवटी जो दाखवला तोच खरा घ्यायचा होता: हातात मावणारा, फक्त समोरचं ऐकणारा, बोटभर अंतरावरून गायलं तर लोण्यासारखा. त्यातून मामांचा आवाज आला तेव्हा मी चपापलो. चांगला होता हो! जाड होता, थोडा खरबरीत होता, पण माणसाचा होता. मी म्हणालो, "मामा, हाच." मामांनी तो उलटासुलटा केला आणि परत ठेवला. "ह्यो तर कुल्फी हाय," ते म्हणाले. "आपल्या स्टँडवरल्याचाच भाऊ दिसतो. ह्याच्या तोंडाला म्या लागणार न्हाई."

मग नांदेड. तिथलं दुकान एका जुन्या गल्लीत, मालक पांढऱ्या दाढीचे, चष्मा दोरीने गळ्यात बांधलेले. त्यांच्या काचेच्या कपाटात तो उभा होता. दुधाच्या पेल्याएवढा जाड, पुढे बारीक चकचकीत जाळी, आणि रबरी दोऱ्यांच्या झोळीत टांगलेला. मामा त्याच्यासमोर असे थांबले की मी ओळखलं, झालं, आता फिजिक्स संपलं. "जावईबापू, बगा तरी," मामा म्हणाले, "पाळण्यात निजलाय." मालकांनी प्रामाणिकपणे हात जोडले. "चचा, ये नक्को लेव. ये स्टुडिओ का माल है, बंद कमरे में रखने का. मंडप में लेको गये तो ये मच्छर की बी सुनता." मामा खूश झाले. "सुनताय ना? बस," ते म्हणाले, "जिंदगीभर न सुननेवालेच मिले." मी मालकांकडे पाहिलं, मालकांनी माझ्याकडे पाहिलं, आणि दोन शहाणी माणसं एका वेड्यापुढे जे करतात ते आम्ही केलं. त्यांनी खोकं शोधलं आणि मी ते उचललं. जावयाचा मान असतो ना आमच्याकडे! तो म्हणजे हाच: जड वस्तू जावयाने उचलायची.

निघताना मालक सहज बोलून गेले की याच्या आतला पडदा केसापेक्षा बारीक असतो आणि त्यावर सोन्याचा मुलामा असतो. ही गोष्ट मी कंधारला घरी सांगायला नको होती. इतका वेळ मामी या सगळ्या खटाटोपाकडे "करून राहिले काईबाई" अशा नजरेने बघत होत्या. सोनं म्हणताच त्यांनी हात पुसले आणि जवळ आल्या. "किती गुंज?" त्यांनी विचारलं. मी म्हणालो, मामी, गुंज नाही, नुसती फुंकर मारल्यासारखं. "तरी सोनं ते सोनं," म्हणत त्यांनी ताम्हण आणलं, निरांजन लावलं, आणि मी नको नको म्हणेपर्यंत माईकच्या जाळीवर हळदीकुंकवाची दोन बोटं ओढली. मामा किंचाळले. "अगं, त्याच्या नाकात कुंकू घातलंस!" मग आम्ही दोघं अर्धा तास जमिनीवर पालथे पडून दाढीच्या ब्रशने सोन्याच्या देवाचं नाक झाडत होतो. सुदैवाने पडद्यापर्यंत काही गेलं नाही. त्या दिवसापासून माईक मामींच्या लोखंडी कपाटात, बोरमाळेच्या डब्याशेजारी राहायला गेला.

दुसरं संकट विजेचं आलं. कंडेन्सरला वायरीतून अठ्ठेचाळीस व्होल्ट द्यावे लागतात, त्याशिवाय तो ढिम्म. आकडा ऐकून मामींनी अंगणात येऊन मला बाजूला घेतलं. "जावई, खरं सांगा. लेकीच्या लग्नात ह्यांना शॉक बसून मरायचंय का?" मी त्यांना समजावलं की करंट इतका कमी असतो की मुंगीही मरायची नाही. "मुंगीचं मला सांगू नका," मामी म्हणाल्या, "मुंगी मंगलाष्टक म्हणत न्हाई." शेवटी मी स्वतः माईक दोन्ही हातांनी धरून पाच मिनिटं अंगणात उभा राहिलो तेव्हा परवानगी मिळाली. मग पुढच्या खोलीत जोडणी झाली, मामांनी लेकीसाठी लिहिलेल्या चार ओळींचा रियाज केला, आणि स्पीकरमधून मामांच्या आवाजासकट पंख्याची कुरकुर, कुत्र्याचं खाजवणं आणि स्वयंपाकघरातल्या गॅसची फुस्स् असं सगळं ऐकू आलं. "अगं गॅस बारीक कर, माईकात जाऊन राहिला!" मामा ओरडले. मामींनी गॅस बारीक केला. दुसऱ्या ओळीला मामा अडले, मामींनी आतून ती म्हटली, आणि मामा पुढे गेले. स्पीकरमधून तीही ऐकू आली असणार. मी त्या वेळी वायरी मोजत होतो.

आणि मग ती खूण. माईकच्या छातीवर एक इवलं बटण होतं. ते सरकवलं की दोनपैकी एक खूण समोर यायची. एक गोल, आणि एक बदाम, पत्त्यातल्या बदामासारखा, जरा उलटा पडलेला. मी सांगितलं, "मामा, हे नेहमी बदामावर ठेवायचं. बदामावर असलं की माईक फक्त समोरचं ऐकतो. गोलावर असलं की मागचं, पुढचं, सगळीकडचं ऐकतो. मंडपात गोल म्हणजे सत्यानाश." मामांनी चष्मा चढवून बटण बघितलं आणि त्यांचा चेहरा कडक झाला. "हे बदाम कॉलेजातली पोरं बाकड्यावर कोरतेत," ते म्हणाले. "बाण मारलेलं." मी म्हणालो, ते वेगळं, हा आवाज पकडायचा आकार आहे, शास्त्रीय आकृती आहे. "शास्त्र तुमच्या क्लासात. व्याह्यांची समदी माणसं म्होरं बसणार, आन् म्या लेकीच्या लग्नात बदाम दावत उभा राहू? इज्जत हाय का न्हाई काई?" मी फळ्यावर काढतो तशी कागदावर आकृती काढून दाखवली. मामांनी ती बघून विचारलं, "म्हंजे बदामावर असला की मागच्या मानसाचं ऐकतच न्हाई?" मी म्हणालो, नाही. "मंग तर न्हाईच न्हाई. असला आपमतलबी माईक काय कामाचा." त्यांनी बटण गोलावर सरकवलं, वर चिकटपट्टी मारली, आणि चिकटपट्टीवर पेनने सही केली. सरकारी नोकरी केलेला माणूस, सील केलं म्हणजे विषय संपला.

लग्न नांदेडच्या एका कार्यालयात होतं. मुहूर्त साडेबाराचा. साउंडवाल्याने तो झोळीतला माईक बघितला आणि माझ्याकडे असं पाहिलं की मी खाली बघितलं. "सर, हे काय आणलं?" त्याने विचारलं. मी म्हणालो, "सासुरवाडी आहे, भाऊ." त्याला सगळं समजलं. त्याने बॉक्स जमेल तितके लांब, पार जेवणाच्या हॉलच्या दाराशी नेऊन ठेवले आणि आवाज उतरवला. स्टेजवर स्टँड लावून माईक मधोमध उभा केला. डावीकडे नवरदेव, उजवीकडे नवरी, मध्ये अंतरपाट, आणि मागे मखमली पडदा. मामी पडद्यामागे होत्या. आमच्या सासुरवाडीत रीत आहे, लेकीवर अक्षता पडताना आईने बघायचं नसतं. पुढे सगळं गाव अक्षता टाकत असतं आणि जिने तिला लहानाची मोठी केली ती आई पाठमोरी कुठेतरी तुळशीपाशी नाहीतर पडद्याआड. मामींच्या हातात तांब्या होता आणि समोर कार्यालयाची प्लास्टिकची तुळस. माईकपासून चार हातांवर.

साउंडवाल्याने अठ्ठेचाळीस व्होल्ट सोडले आणि आमच्या दोन्ही घराण्यांचं खरं स्वरूप जगाला ऐकू आलं. पहिला आवाज आला भटजींचा: "आवरा लवकर, मला अजून लोह्याचं लगीन लावायचंय." त्यांच्या ओठांचं हलणंही कुणाला दिसलं नव्हतं. मग व्याह्यांकडच्या कुणी मावशी: "साखरपुड्यात आपण दिलेलीच साडी फिरवून आपल्यालाच दिली बगा." तिसऱ्या रांगेतल्या एका फेटेवाल्या पाहुण्यांनी सगळ्या हॉलला कळवलं की वरण पातळ झालंय, त्यांनी आत जाऊन बघितलंय. लोक एकमेकांकडे बघायला लागले. मावशींनी पदर तोंडाला लावला. मी स्टेजच्या पायरीवर होतो. मी आपल्याशीच पुटपुटलो, "बोंबला, म्हातारा आता मरतोय," आणि तेही चार बॉक्समधून, अतिशय स्वच्छ, बारकाव्यांसकट बाहेर पडलं. दीडशे फेटे माझ्याकडे वळले. माझी बायको वळली ते वेगळंच. कंडेन्सर उत्तम होता, याबद्दल माझ्या मनात आता तिळभर शंका नाही.

मामांचं मात्र कशाकडेही लक्ष नव्हतं. त्यांनी रुमालाने माईक पुसला, वास घेतला नाही, वाजवलाही नाही, "नांदेड, लोहा, कंधार"ही म्हणाले नाहीत. डोळे मिटले आणि सुरुवात केली.

"जाई लेक जरी घरातुन तरी, दारी तिची पावले..."

लातूरच्या दुकानात नुसती झलक मिळाली होती, तो आवाज मी नांदेडच्या हॉलमध्ये पहिल्यांदा नीट ऐकला. जाडसर, कडेला किंचित फाटलेला, आणि आत काहीही लपवून न ठेवणारा. जन्मभर भोंग्याच्या घरघरीखाली दबलेला माणूस वर आला होता. वरणवाले पाहुणेही गप्प झाले. आणि मामा अडले. रोजचं अडणं नव्हतं हे. रोज ओळ आठवत नसे. आज ती आठवली म्हणूनच अडले असावेत. मिटल्या डोळ्यांपुढेही त्यांना लेकीच्या हातातली माळ दिसत असणार. मामांनी तोंड उघडलं आणि मिटलं. माईकने त्यांचा आवंढा पकडला, आवंढ्याच्या मागचा श्वास पकडला, आणि तो सगळ्या हॉलने ऐकला. एवढ्या चार ओळी तरी साफ ऐकू जाऊ द्या, म्हणाले होते, आणि एकाच ओळीवर गाडी उभी. साउंडवाल्याला वाटलं माईक गेला. त्याने घाबरून सगळी बटणं वर चढवली.

आणि पडद्यामागून ओळ आली.

"आईच्या पदरी अजून लपले, बालत्व ते कोवळे..."

सवयीने आली. सांडलेलं उचलायच्या सवयीने. मामींना कल्पनाही नव्हती की ते बाहेर जातंय. त्या प्लास्टिकच्या तुळशीकडे बघत, रोज भाकरी थापताना म्हणतात तशीच म्हणाल्या. पण या खेपेला मध्ये भाकरीची थापथूप नव्हती, गॅस नव्हता, कुकर नव्हता. चार हातांवरून एका बाईचा आवाज निघाला आणि तो कार्यालयभर, जेवणाच्या हॉलभर, बाहेर गाड्या लावलेल्या मैदानापर्यंत गेला. मी ध्वनी शिकवतो, आयुष्य त्यात चाललंय, आणि देवाशप्पथ सांगतो, असा आवाज मी ऐकला नव्हता. पातळ, सरळ, एकाही जागी न हललेला. लोक वर, छताकडे बघायला लागले. भटजी लोह्याचं लग्न विसरले. अंतरपाटाआडून नवरीची मान झटकन पडद्याकडे वळली आणि तिने "आई" म्हटलं. तेही माईकने ऐकवलं.

मामांनी डोळे उघडले. मागे वळून बघणार होते, वळले नाहीत. तिसरी ओळ त्यांनी घेतली, चौथीला पुन्हा थांबले, आणि माझ्या मते तिथं ते मुद्दाम थांबले. पडद्यामागून चौथीही आली. मग सावधान झालं, अक्षता पडल्या, वाजंत्री कडाडली, आणि ती कंडेन्सरने इतकी जोरात ऐकली की जी शिट्टी वाजली तिने हॉलमधल्या सगळ्यांचे कान बंद झाले. त्यामुळे पुढे अर्धा तास कुणी काय बोललं ते कुणालाच कळलं नाही, आणि लग्न अगदी जुन्या पद्धतीने पार पडलं.

नवरीचं ते "आई" लोकांना नुसतं रडणं वाटलं असावं, कारण जेवणं होईपर्यंत मामांना सगळे विचारत होते, ती बाई कोण, कुठल्या गावची, कार्यक्रम घेते का. मामी पंगतीत जिलबी वाढत होत्या, त्यांना कुणी विचारलं नाही. उदगीरची गाडी निघाली, लेक रडून रडून गेली, मंडपवाले खुर्च्या उचलायला लागले, तेव्हा मामा स्टेजवर एकटेच त्या झोळीशी उभे होते. मी गेलो. म्हणालो, "मामा, बदामावर असता तर बरं झालं असतं का हो?" ते चिकटपट्टीवरून अंगठा फिरवत राहिले. मला वाटलं आता "माईक म्हणला" ऐकायला मिळणार. "म्या स्टँडवर बसलो जन्मभर," ते म्हणाले, "आन् चांगला आवाज घरात भाकऱ्या करून राहिला. कसला अनाउन्सर म्या, जावईबापू? कोणती गाडी कुठं लागली हे मलाच म्हाईत न्हाई." एवढं बोलून त्यांनी रुमाल काढला. माईक पुसला नाही.

परवा क्लासला सुट्टी होती म्हणून कंधारला गेलो. लेकीवाचून घर मोठं वाटतं. मामा थकलेत, आता कुणाच्या लग्नात उभे राहत नाहीत. मामींना त्यांनी गा म्हणून खूप विनवलं, रेकॉर्डिंग करू म्हणाले, पण माईक समोर आणला की मामी पदर ओढून उठून जातात. "आमचं काय," म्हणतात. म्हणून मग मामांनी सोन्याच्या पडद्याला कपाटातून काढून स्वयंपाकघराच्या दाराशी स्पीकरची वायर जोडून टांगलंय. तोंड पुढच्या खोलीकडे, पाठ गॅसकडे, बटण गोलावर, चिकटपट्टी तशीच, सही तशीच. रोज सकाळी अंघोळ झाली की मामा खुर्ची टाकून बसतात आणि त्याच चार ओळी लावतात, आणि रोज पहिल्या ओळीनंतर अडतात. मी मामींना हळूच विचारलं, "अजून विसरतात?" मामी तव्यावरची भाकरी उलटत म्हणाल्या, "वय झालं, जावई. ऱ्हात न्हाई आता ध्यानात." बाहेर मामांनी पहिली ओळ सुरू केली होती. "दारी तिची"पर्यंत आले होते, अजून अडायचे होते. तेवढ्यात मामींनी हात पुसला, पदर सारखा केला आणि वाकून गॅस बारीक केला.